अचानक उठणारा पोटशूळ : तपासणीचा विवेक

पोटदुखी हे आपल्या घरांतील सर्वांत परिचित दुखणे आहे. ओव्याची फक्की, बेंबीभोवती हिंगाचा लेप, सोड्याचे पाणी हे उपाय आजीपासून नातवंडांपर्यंत सर्वांना ठाऊक असतात आणि बहुतेक वेळा तेवढ्यावरच भागते. अपचनाने किंवा जागरणाने उठलेली कळ तास-दोन तासांत शमते आणि माणूस पुन्हा दुकानाच्या गादीवर जाऊन बसतो. या नित्याच्या अनुभवामुळेच एक धोका निर्माण होतो. क्वचित एखादे वेळी ही कळ सुजलेल्या आंत्रपुच्छाची, पीळ पडलेल्या आतड्याची किंवा बंद पडत चाललेल्या रक्तवाहिनीची असते. त्या वेळीही आपण तीच फक्की घेऊन वाट पाहत राहतो. दिवाळीची गिऱ्हाइकी असो, वर्षअखेरीचा हिशेब असो वा घरातील लग्न असो, ‘उद्या पाहू’ या दोन शब्दांत मोलाचे तास निघून जातात.

अलीकडे याच्या उलट टोकाची सवयही वाढते आहे. पोटात कळ उठली की डॉक्टरांनी पोटाला हात लावण्यापूर्वीच कोणीतरी सुचवितो, “थेट सीटी स्कॅन करून घ्या, म्हणजे सगळे कळेल.” जी तपासणी महाग ती अचूक, असा हा हिशेब आहे. व्यापारात आपण असा हिशेब कधी करीत नाही. सोने तोलण्याचा काटा आणि धान्य तोलण्याचा काटा वेगळा असतो, हे आपण जाणतो. पोटाच्या तपासण्यांचेही तसेच आहे. कोणते यंत्र वापरावे हे कशाची शंका आहे यावर ठरते आणि ती शंका रुग्णाच्या सांगण्यातून व डॉक्टरांच्या हाताखाली आकार घेते.

दुखते कोठे, केव्हापासून आणि कसे?

पोटाची बेंबीतून जाणाऱ्या उभ्या व आडव्या रेषांनी चार दालने पाडली, तर निदानाची पहिली दिशा मिळते. उजव्या बाजूस बरगड्यांखाली यकृत आणि पित्ताशय असते. तेलकट-तुपकट जेवणानंतर तेथे उठून पाठीत उजव्या खांद्याकडे जाणारी कळ पित्तखड्यांकडे बोट दाखविते. वरच्या मध्यभागी उठून सरळ पाठीत घुसणारी, पुढे वाकून बसल्यास किंचित सुसह्य होणारी वेदना स्वादुपिंडाच्या सुजेची असू शकते. कमरेच्या बाजूने निघून जांघेपर्यंत उतरणारी आणि रुग्णाला एका जागी स्वस्थ पडू न देणारी कळ बहुधा मूतखड्याची असते. याउलट आतड्याला किंवा जठराला छिद्र पडून पोटाच्या पडद्याला सूज आली, तर रुग्ण अगदी निश्चल पडून राहतो. खोकल्यानेही त्याची वेदना वाढते आणि पोट फळीसारखे कडक लागते.

आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, याच्या दुखण्याला एक क्रम असतो. प्रथम बेंबीच्या आसपास अस्पष्ट दुखते, भूक मरते, मग मळमळ किंवा उलटी होते आणि काही तासांनी वेदना उजव्या ओटीपोटात येऊन स्थिरावते. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ साली या वेदनेचा नेमका बिंदू सांगितला. कमरेच्या उजव्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीपर्यंत रेषा ओढली, तर त्या टोकापासून सुमारे एक तृतीयांश अंतरावर तो येतो. आजही डॉक्टर तेथेच बोट ठेवतात. मात्र प्रत्येक रुग्णात हा क्रम ठरल्याप्रमाणे घडतोच असे नाही. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांच्यात तो अनेकदा विस्कटलेला असतो.

वेळेचाही विचार महत्त्वाचा आहे. ब्रिटिश शल्यचिकित्सक झाकरी कोप यांनी १९२१ साली तीव्र पोटदुखीच्या निदानावर लिहिलेला ग्रंथ शल्यचिकित्सेच्या अनेक पिढ्यांनी अभ्यासला. तोवर बऱ्यापैकी निरोगी असलेल्या माणसाच्या पोटात तीव्र वेदना उठून ती सहा तास टिकली, तर तिचे कारण बहुधा शल्यचिकित्सकाच्या कक्षेतील असते, असा त्यांनी दिलेला ठोकताळा आजही उपयुक्त आहे. याचा अर्थ सहा तास वाट पाहावी असा मात्र नव्हे. वेदना क्षणार्धात कमाल पातळीवर पोहोचली असेल, तर सहा मिनिटेही थांबू नये.

यंत्राआधीच्या तपासण्या

नाडी, रक्तदाब, ताप, श्वासाची गती आणि पोटावर ठेवलेला जाणता हात यांतून मिळणारी माहिती कोणत्याही यंत्राहून कमी मोलाची नाही. त्यानंतर रक्त व लघवीची साधी तपासणी होते. स्वादुपिंडाची शंका असल्यास लायपेज किंवा अमायलेज हे घटक मोजतात. त्यांचे प्रमाण सामान्य मर्यादेच्या तिप्पट किंवा अधिक असेल आणि दुखणेही तशाच स्वरूपाचे असेल, तर निदानासाठी सहसा तेवढे पुरते. मूल होण्याच्या वयातील प्रत्येक स्त्रीची गर्भधारणा-चाचणी करणे हा वैद्यकातील पक्का नियम आहे. सासू-सासऱ्यांसमोर हा प्रश्न विचारला गेला, तर संकोच वाटतो. पण हा प्रश्न कोणाच्या चारित्र्याशी संबंधित नसून प्राणाशी संबंधित आहे. अविवाहित मुलीच्या बाबतीत डॉक्टर एकांतात बोलू इच्छित असतील, तर आई-वडिलांनी समजूतदारपणे बाहेर थांबावे.

पोटाच्या वरच्या भागात दुखत असलेल्या मध्यमवयीन किंवा वयस्क रुग्णाचा ईसीजी काढणे, हीदेखील पोटाचीच तपासणी समजावी. हृदयाच्या खालच्या भागाला झटका आला, तर ती वेदना अनेकदा ‘पित्त झाले’ अशीच जाणवते. मधुमेही व्यक्तीत छातीत न दुखता केवळ मळमळ आणि घाम येऊ शकतो.

येथे एका जुन्या समजुतीचाही उल्लेख करावा लागेल. वेदनाशामक दिल्यास रोग झाकला जातो, म्हणून निदान होईपर्यंत रुग्णाने कळ सोसावी, असे पूर्वी मानले जाई. रुग्णालयात योग्य मात्रेत दिलेल्या वेदनाशामकामुळे निदान चुकण्याचे प्रमाण वाढत नाही, असे नंतरच्या अभ्यासांत दिसून आले. घरी मात्र औषधाच्या दुकानातून गोळी आणून पुन:पुन्हा घेणे टाळावे. काही वेदनाशामक गोळ्यांनी जठराचा व्रण अधिक चिघळतो.

चार यंत्रे, चार दृष्टी

*एक्स-रे* हे सर्वांत जुने साधन आहे. रुग्णाला उभे करून छातीचा एक्स-रे काढला असता श्वासपटलाखाली हवेची चंद्रकोर दिसली, तर जठराला किंवा आतड्याला छिद्र पडल्याचे कळते. आतड्यात अडथळा असल्यास हवा आणि द्रव यांच्या पायऱ्या दिसतात. यापलीकडे पोटाच्या एक्स-रेचा उपयोग मर्यादित आहे.

*सोनोग्राफी* ध्वनिलहरींवर चालते. तिच्यात किरणोत्सर्ग नसतो. ग्लासगो येथील प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली या तंत्राने पोटातील गाठी व गर्भ पाहता येतो हे प्रसिद्ध केले. पित्ताशयातील खडे, गर्भाशय व बीजांडकोश, मूत्रपिंडाला आलेली सूज आणि पोटात साचलेले रक्त किंवा पाणी पाहण्यासाठी हे उत्तम साधन आहे. आतड्यातील वायू आणि शरीरातील चरबी मात्र ध्वनिलहरींच्या आड येतात. तसेच ही तपासणी करणाऱ्याच्या कौशल्यावर पुष्कळ अवलंबून असते.

*सीटी स्कॅन* याचा पहिला रुग्णावरील प्रयोग १९७१ साली लंडनमध्ये झाला आणि त्याचे जनक गॉडफ्रे हाऊन्सफील्ड यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासह १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आतड्याचा अडथळा, छिद्र, मोठ्या आतड्याच्या भिंतीतील पिशव्यांची सूज, महाधमनीचा फुगवटा, आतड्याच्या रक्तपुरवठ्यातील खंड ही निदाने काही मिनिटांत होतात. मूतखडा शोधताना शिरेतून रंगद्रव्य देण्याची गरज नसते. रक्तवाहिन्या किंवा सूज पाहायची असेल तर ते द्यावे लागते. म्हणून मूत्रपिंडाचा विकार, पूर्वी आलेली ॲलर्जी आणि मधुमेहाच्या गोळ्या यांची माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी.

*एमआरआय* चुंबकीय क्षेत्रावर चालतो. पित्तनलिकेत अडकलेला खडा पाहणे किंवा गरोदर स्त्रीच्या आंत्रपुच्छाची शंका दूर करणे यांसाठी तो मोलाचा आहे. त्याला वेळ अधिक लागतो आणि शरीरात पेसमेकर किंवा धातूची वस्तू असल्यास ते आधी सांगणे अनिवार्य आहे.

आधी कोणती तपासणी?

नेदरलंड्समध्ये तीव्र पोटदुखीच्या १०२१ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. तातडीच्या आजारांचे निदान करण्यात एकटे सीटी स्कॅन एकट्या सोनोग्राफीहून सरस ठरले. परंतु सर्वांत चांगला परिणाम मिळाला तो आधी सोनोग्राफी आणि तिच्यातून उत्तर न मिळाल्यासच सीटी स्कॅन या क्रमाने. या क्रमात केवळ सहा टक्के तातडीचे आजार निसटले असते आणि सुमारे निम्म्या रुग्णांना सीटी स्कॅनची गरजच पडली नसती. मूतखड्याच्या शंकेबाबत अमेरिकेतील १५ आपत्कालीन विभागांत २७०० हून अधिक रुग्णांवर झालेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही, सोनोग्राफीने आरंभ केल्यामुळे रुग्णांचे नुकसान झाले नाही आणि किरणोत्सर्ग मात्र कमी झाला, असे आढळले.

या क्रमाला अपवाद आहेत. वृद्ध रुग्ण, हृदयाचे ठोके अनियमित असलेला रुग्ण किंवा पोट तपासताना फारसे काही न आढळता असह्य वेदनेने तळमळणारा रुग्ण यांच्या बाबतीत आतड्याचा रक्तपुरवठा खंडित झाल्याची शंका येते. तेथे रक्तवाहिन्या दाखविणारे सीटी स्कॅन विनाविलंब करावे लागते. वयस्क पुरुषाला आयुष्यात प्रथमच ‘मूतखड्यासारखी’ कळ आली, तर महाधमनी फुगून गळत नाही ना, हे पाहणे अगत्याचे असते. याउलट स्वादुपिंडाच्या सुजेचे निदान रक्त-तपासणीने झाले असेल, तर पहिल्याच दिवशी सीटी स्कॅनचा आग्रह धरू नये. त्या वेळी हानीची खरी व्याप्ती दिसत नाही. ती तीन-चार दिवसांनी अधिक स्पष्ट होते.

एकाच घरातील तीन रुग्ण

कल्पना करा, एका एकत्र कुटुंबात वर्षभरात तिघांना पोटशूळ झाला.

बासष्ट वर्षांचे काका मधुमेही आहेत. संध्याकाळच्या जेवणानंतर पोटाच्या वरच्या भागात जड वाटू लागले, घाम आला, मळमळले. त्यांना प्रथम हवा तो ईसीजी. तो आणि हृदयासाठीची रक्त-तपासणी निर्दोष असल्यास पुढे लायपेज आणि सोनोग्राफी. थेट पोटाच्या स्कॅनला नेले, तर हृदयासाठी अमूल्य असलेली वेळ वाया जाईल.

सत्तावीस वर्षांच्या सूनबाईंच्या उजव्या ओटीपोटात कळ आहे आणि पाळी दहा दिवस लांबली आहे. त्यांची गर्भधारणा-चाचणी आणि सोनोग्राफी तातडीने व्हावी. गर्भ गर्भाशयाऐवजी नलिकेत रुजला असेल, तर नलिका फुटून पोटात रक्तस्राव होतो. त्यांना चक्कर येत असेल व रक्तदाब घसरत असेल, तर खाटेजवळच सोनोग्राफी करून थेट शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते. अशा रुग्णाला दूरच्या तपासणी केंद्रात पाठविणे प्राणघातक ठरू शकते.

बारा वर्षांच्या नातवाची वेदना सकाळी बेंबीजवळ होती, दुपारी उजवीकडे सरकली. त्याला सोनोग्राफी पुरेशी ठरू शकते. आंत्रपुच्छ दिसलेच नाही, तर शल्यचिकित्सक त्याला रुग्णालयात ठेवून काही तासांनी पुन्हा तपासतील आणि गरज वाटली तरच पुढचे चित्र काढतील. मुलाचे वृषणही तपासले जातील. वृषणाला पीळ पडला, तर मुले लाजेने ‘पोट दुखते’ एवढेच सांगतात आणि तो वाचविण्यासाठी साधारण सहा तासच हाताशी असतात.

तिघांचेही पोट दुखत होते. तिघांची पहिली तपासणी वेगळी होती.

किरणांचा हिशेब

पोटाच्या एका सीटी स्कॅनमधून साधारणपणे ८ ते १० मिलिसीव्हर्ट एवढा किरणोत्सर्ग शरीराला मिळतो. निसर्गातून प्रत्येकाला दरवर्षी सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतच असतो. म्हणजे एक स्कॅन हा सुमारे तीन-चार वर्षांच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाइतका. यामुळे कर्करोगाचा धोका वाढतो तो अत्यल्प. परंतु मुलांच्या बाबतीत तो तुलनेने अधिक आणि वारंवार स्कॅन केल्यास साचत जाणारा आहे. म्हणून विनाकारण स्कॅन नको. जेथे प्राण पणाला लागले आहेत, तेथे मात्र किरणांच्या भीतीने स्कॅन नाकारणे हा तोट्याचा व्यवहार आहे. गरोदर स्त्रीच्या बाबतीतही सोनोग्राफी व एमआरआय यांना प्राधान्य असले, तरी मातेचा जीव धोक्यात असताना आवश्यक सीटी स्कॅन टाळला जात नाही. एका स्कॅनमधून गर्भाला पोहोचणारी मात्रा सहसा हानिकारक पातळीच्या खाली असते.

अहवाल वाचताना

‘आंत्रपुच्छ दिसले नाही’ आणि ‘आंत्रपुच्छ निरोगी आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्या विधानाने शंका मिटत नाही. ‘वायूमुळे स्वादुपिंड नीट दिसले नाही’ या ओळीचाही अर्थ तोच. याउलट अहवालात पित्तखडे आढळले म्हणून आजची वेदना त्यांचीच, असेही नाही. अनेकांच्या पित्ताशयात खडे आयुष्यभर निमूट पडून असतात. अहवालाचा अर्थ रुग्णाला तपासलेल्या डॉक्टरांनीच लावायचा असतो. व्हॉट्सॲपवर तो अहवाल पाच नातेवाइकांना पाठवून पाच मते गोळा केल्याने निर्णय लांबतो. अहवाल निर्दोष असूनही वेदना वाढत असेल, तर पुन्हा डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही.

उपवास, चौविहार आणि तपासणी

उपवासाच्या काळात पोट दुखले की ‘पित्त खवळले’ असे म्हणून आपण मोकळे होतो. काही वेळा ते खरेही असते. परंतु दीर्घकाळ अन्न न घेतल्यास पित्ताशयातील पित्त साचून घट्ट होते आणि पाणी वर्ज्य केल्यास लघवी दाट होऊन खडे होण्यास अनुकूल स्थिती निर्माण होते. ज्यांना पूर्वी पित्तखडे किंवा मूतखड्याचा त्रास झाला आहे, त्यांनी मोठी तपश्चर्या आरंभण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि तपश्चर्येत उठलेली तीव्र कळ सोसत राहू नये. प्रत्याख्यानात आगार ठेवलेले आहेत. आजारपणातील औषधाविषयी आपल्या गुरुमहाराजांना आधीच विचारून ठेवल्यास ऐन वेळी घरात द्विधा मन:स्थिती होत नाही.

पित्ताशयाच्या नियोजित सोनोग्राफीसाठी सहा-आठ तास पोट रिकामे असावे लागते, त्यामुळे चौविहार पाळणाऱ्यांना सकाळची वेळ सोयीची पडते. ओटीपोटाच्या सोनोग्राफीसाठी मूत्राशय भरलेले लागते; पाणी घेत नसल्यास तसे सांगावे, म्हणजे डॉक्टर दुसरा मार्ग निवडतील. आणीबाणीत मात्र यांपैकी कशासाठीही थांबले जात नाही. गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीपूर्वी १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार फॉर्म एफ भरून घेतला जातो. त्यासाठी ओळखपत्र जवळ ठेवावे.

या लक्षणांत थांबू नये

• क्षणार्धात कमाल झालेली वेदना, किंवा फळीसारखे कडक झालेले पोट
• वेदनेसोबत चक्कर, थंड घाम, धाप किंवा शुद्ध हरपणे
• रक्ताची उलटी, काळी डांबरासारखी शौच
• पोट फुगणे, सतत उलट्या, शौच व वायू दोन्ही बंद. तान्ह्या बाळाला हिरवी उलटी
• थंडी वाजून ताप, सोबत डोळे पिवळे
• पाळी चुकलेली असताना ओटीपोटात कळ
• हर्नियाची गाठ कडक होऊन आत न जाणे
• वृद्ध, मधुमेही, रक्त पातळ करणारी गोळी घेणारे किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेले रुग्ण. यांची लक्षणे अनेकदा सौम्य भासतात

अशा वेळी रुग्णाला खाऊ-पिऊ घालू नये, एरंडेल किंवा जुलाब देऊ नये. तपासणी केंद्राऐवजी जेथे शल्यचिकित्सक उपलब्ध आहे अशा रुग्णालयात न्यावे. गरज पडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सोबत जुनी फाईल, चालू औषधांची यादी, ॲलर्जीची नोंद, शेवटच्या जेवणाची आणि स्त्रियांच्या बाबतीत शेवटच्या पाळीची तारीख घ्यावी. दुकानाच्या ड्रॉवरमध्ये जशी परवान्यांची फाईल हाताशी असते, तशी घरातील प्रत्येकाची ही एक पानाची नोंद तयार असावी.

डॉक्टरांना दोन प्रश्न नम्रपणे अवश्य विचारावेत : “आपल्याला कशाची शंका आहे?” आणि “या तपासणीने उपचारात काय फरक पडेल?” उत्तर स्पष्ट मिळाले, तर खर्चाची चिंता बाजूला ठेवून ती तपासणी त्वरित करावी. डॉक्टरांनी ‘तूर्त स्कॅनची गरज नाही, चार तासांनी पुन्हा पाहू’ असे सांगितले, तर तोही विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे असे मानून रुग्णालयातच थांबावे. हा लेख केवळ माहितीसाठी आहे. प्रत्यक्ष निर्णय रुग्णाला पाहणाऱ्या डॉक्टरांचाच असला पाहिजे. त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचणे एवढे आपल्या हाती आहे.